बातमी तापमानाची आणि काम भट्टीचे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : उच्च तापमान अतिसंवाहक सिरॅमिकविषयीच्या बातम्या आणि मराठवाड्यातील प्रयोगशाळा

विजेचा कणभरही तोटा न होऊ देता ती वाहून नेणारे नवे द्रव्य सापडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सर्वच मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात. त्या बातम्यांत बहुतेक वेळा एकच आकडा ठळक छापलेला असतो, तो म्हणजे ज्या तापमानाला ते द्रव्य अतिसंवाहक बनते त्या तापमानाचा. परभणी जिल्ह्यात मी अनेक वर्षे पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना घनस्थिती भौतिकी शिकवली आहे, आणि या एका आकड्यामुळे सामान्य वाचकांचीच नव्हे तर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचीही दिशाभूल होते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. या द्रव्यांचे मोल त्यांच्या स्फटिकाची रचना कशी आहे आणि तो स्फटिक कोणत्या पद्धतीने वाढवला आहे, यावर ठरते. ते काम भट्टीजवळ बसून, तापमान अंशाअंशाने उतरवत करावे लागते, आणि त्याचा निदान पहिला टप्पा तरी मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. हे जरा सविस्तर मांडण्यास आपण जागा द्यावी, ही विनंती.

2023 च्या जुलै महिन्यातले उदाहरण सर्वांच्या आठवणीत असेल. दक्षिण कोरियातील काही संशोधकांनी शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांपासून बनवलेले ‘एलके-99’ नावाचे द्रव्य उकळत्या पाण्याहून अधिक तापमानालाही अतिसंवाहक असते, असा दावा केला. चुंबकावर एका कडेने उचलला गेलेला खडा दाखवणारी चित्रफीत जगभर फिरली. त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी ते द्रव्य बनवून पाहिले गेले आणि अतिसंवाहकता आढळली नाही. विद्युत रोध एकदम खाली घसरतो असे जे दिसले होते, त्याचे कारण त्या नमुन्यात भेसळ म्हणून राहिलेले कॉपर सल्फाइड हे होते. सुमारे 104 अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचना बदलते आणि रोध घसरतो. जर्मनीत स्टुटगार्ट येथील मॅक्स प्लांक संस्थेने या संयुगाचे भेसळ नसलेले एकस्फटिक, म्हणजे आरपार एकच अखंड स्फटिक असलेले नग, वाढवले तेव्हा हाती आले ते जांभळट, पारदर्शक आणि वीज जवळजवळ न वाहू देणारे स्फटिक. दाव्याच्या बातमीला पहिल्या पानावर जागा मिळाली आणि त्याच्या निकालाला आतल्या पानावरही क्वचितच मिळाली, याची मला खंत वाटते. कारण वादाचा निर्णायक पुरावा स्फटिक वाढवणाऱ्यांनी दिला होता, आणि विद्यार्थ्यांनी शिकावे असे सर्वांत जास्त त्या निकालातच होते.

या विषयाचा इतिहासही हेच सांगतो. 1911 मध्ये लायडन येथे कामरलिंग ओन्नस यांनी पारा 4.2 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 269 अंशांच्या आसपास थंड केला आणि त्याचा रोध नाहीसा झालेला पाहिला. त्यानंतरची सहा दशके धातू आणि मिश्रधातू तपासण्यात गेली आणि 1973 पर्यंत मजल जेमतेम 23 केल्विनपर्यंत गेली. 1986 मध्ये झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी लँथॅनम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या सिरॅमिकमध्ये 30 केल्विनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे पाहिली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेडनोर्झ यांचे डॉक्टरेटचे काम पेरोव्हस्काइट जातीचे, म्हणजे जवळजवळ घनाकार पेट्यांच्या घडणीचे स्फटिक वाढवण्यावर झाले होते, ही गोष्ट आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. याच मूलद्रव्यांचे धातूसारखे वीजवाहक ऑक्साइड फ्रान्समधील कां येथील रसायनशास्त्रज्ञांनी आधीच बनवले होते; त्यांचा शोधनिबंध बेडनोर्झ यांनी वाचला आणि त्या जातीचे नमुने अतिथंड करून पाहिले. ते नमुने एकजिनसी नव्हते. त्यांत मिसळलेल्या संयुगांपैकी नेमके कोणते अतिसंवाहक आहे, हे टोकियोतील गटाने वर्ष संपता संपता निश्चित केले.

1987 च्या आरंभी ह्यूस्टनचे पॉल चू आणि अलाबामाचे माव-क्वेन वू यांच्या गटांनी लँथॅनमच्या जागी यिट्रियम घेतले आणि मजल एकदम 90 केल्विनच्या पुढे गेली. त्यांचा पहिला नमुना हिरव्या आणि काळ्या कणांची सरमिसळ होता. हिरवे कण विद्युतरोधक होते आणि अतिसंवाहकता काळ्यांत होती. काळ्या कणांतील यिट्रियम, बेरियम व तांबे यांचे प्रमाण 1 : 2 : 3 आहे हे ज्या प्रयोगशाळांनी त्या घाईच्या दिवसांत शोधून काढले, त्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. सी. एन. आर. राव यांचा गटही होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डॉ. अनंत नारळीकर यांनी या द्रव्यांवर दीर्घकाळ काम केले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे हे बंधू आपल्या मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाहीत, याचेही मला वाईट वाटते.

90 केल्विन या आकड्याचे महत्त्व मी नाकारत नाही. हवेपासून मिळणारा द्रव नायट्रोजन 77 केल्विनला, म्हणजे उणे 196 अंशांना उकळतो. त्याआधीच्या अतिसंवाहकांना द्रव हेलियम लागे, जो दुर्मीळ आणि महाग आहे आणि भारताला बाहेरून आणावा लागतो. आपल्या शहरांतल्या बहुतेक एमआरआय यंत्रांची चुंबके आजही नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची असतात आणि हेलियमवरच चालतात. पण यिट्रियमचे हे सिरॅमिक नायट्रोजनच्या तापमानाला अतिसंवाहक झाले म्हणून त्याची तार लगेच बाजारात आली नाही. त्याला पुढे दोन दशके लागली, आणि त्या विलंबाचे कारण रचनेत आहे.

ही रचना थोडक्यात अशी आहे. पेरोव्हस्काइटच्या जवळजवळ घनाकार अशा तीन पेट्या एकावर एक ठेवल्या, वरच्या आणि खालच्या पेटीच्या मध्यभागी बेरियम व मधल्या पेटीच्या मध्यभागी यिट्रियम बसवले, आणि कोपऱ्यांवर तांबे ठेवले, की या स्फटिकाचा एकक कोश, म्हणजे पुन्हा पुन्हा रचला जाणारा सर्वांत लहान भाग, तयार होतो. त्याची उंची सुमारे 11.7 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलीमीटरचा एक कोटीवा भाग) असते आणि तळाच्या दोन बाजू 3.82 आणि 3.89 अँगस्ट्रॉम असतात. पेरोव्हस्काइटची घडण पूर्ण असती तर अशा तीन पेट्यांत ऑक्सिजनचे नऊ अणू मावले असते. इथे मात्र जास्तीत जास्त सात असतात. यिट्रियमच्या पातळीत ऑक्सिजन मुळीच नसतो. त्या पातळीच्या वर आणि खाली तांबे व ऑक्सिजन यांचे एकेक सपाट प्रतल असते आणि रोधाविना वीज मुख्यतः या दोन प्रतलांतून वाहते. कोशाच्या तळाशी आणि माथ्याशी जे तांबे आहे त्याच्याभोवती ऑक्सिजन एकाच दिशेने बसतो आणि तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या बनतात. तळाच्या दोन बाजू असमान होण्याचे कारण याच साखळ्या.

साखळ्यांचे काम असे की त्या प्रतलांतील काही इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि प्रतलांत धनभाराच्या पोकळ्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, निर्माण करतात. साखळ्यांतला ऑक्सिजन निघून गेला आणि प्रमाण सातावरून सहावर आले, तर तोच पदार्थ विद्युतरोधक होतो, सुमारे 6.9 वर तो 93 केल्विनला अतिसंवाहक असतो. यिट्रियमच्या जागी गॅडोलिनियमसारखे चुंबकीय मूलद्रव्य घातले तरी हे तापमान फारसे हलत नाही. वास्तविक चुंबकीय अणू हे अतिसंवाहकतेचे शत्रू मानले जात, त्यामुळे सुरुवातीला याचे सर्वांनाच आश्चर्य वाटले. उलट प्रतलांतल्या तांब्याच्या जागी थोडेसे जस्त गेले तरी अतिसंवाहकता ढासळते. कोणत्या जागी कोणता अणू आहे यावर इतके अवलंबून असलेल्या या पदार्थाविषयी केवळ तापमान छापणे म्हणजे मुख्य गोष्टच गाळणे होय. ही अतिसंवाहकता मुळात कशामुळे घडते याचा सर्वमान्य सिद्धांत अजून झालेला नाही, पण ती कोणत्या घडणीत टिकते हे मात्र बऱ्याच खात्रीने सांगता येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो, कारण विद्यार्थ्यांना मी नेहमी तिथूनच सुरुवात करायला सांगत आलो. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड यांच्या पुडी रेणुसंख्येच्या 1 : 4 : 6 या प्रमाणात तोलून घ्यायच्या आणि अकीकाच्या खलात तास-दोन तास घोटायच्या. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, म्हणून तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. ही सूचना मी आवर्जून लिहितो, कारण आपल्याकडे ती सर्रास डावलली जाते. मिश्रण 900 ते 950 अंशांवर भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. थंड झाल्यावर पुन्हा घोटायचे, पुन्हा भाजायचे, आणि मग हातदाबयंत्राच्या साच्यात त्याची रुपयाच्या नाण्याएवढी टिकली दाबून ती 950 अंशांच्या आसपास भाजायची. इथपर्यंत कृती सोपी आहे आणि अनेक जण इथेच थांबतात. परंतु त्या तापमानाला टिकलीतला ऑक्सिजन सहाच्या जवळपासच असतो. भट्टीतून ऑक्सिजनचा मंद झोत सोडत टिकली हळूहळू 400 ते 500 अंशांवर आणून तिथे कित्येक तास ठेवली, तरच तो ऑक्सिजन आत शिरून साखळ्या भरतो आणि स्फटिकाचा चौरस तळ आयताकृती होतो.

या टिकलीकडे नीट पाहायला शिकणे हेच मोठे शिक्षण आहे. ती कोळशासारखी काळी उतरली तर आशा धरावी. फोडल्यावर आत हिरवट झाक दिसली तर तोलण्यात, घोटण्यात किंवा तापमानात चूक आहे असे समजावे. सहावरून सातावर जाताना ऑक्सिजनमुळे वजन सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते, म्हणजे 4 ग्रॅमच्या टिकलीत जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅमची वाढ होते, आणि ती महाविद्यालयातल्या साध्या रासायनिक तराजूवरही पकडता येते. एक्स-किरण विवर्तनाच्या, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची मांडणी दाखवणाऱ्या तपासणीच्या आलेखात 33 अंशांच्या कोनाच्या किंचित अलीकडे दोन शिखरे शेजारी शेजारी दिसतात. त्यांतले कोणते उंच आहे यावरून साखळ्या भरल्या की नाही ते कळते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही टिकली उघडी ठेवली तर हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यातल्या बेरियमला खाऊ लागतात, पृष्ठभागावर पांढुरका थर येतो आणि संपर्काच्या तारा नीट चिकटत नाहीत. म्हणून ती सिलिका जेल घातलेल्या बंद बरणीतच ठेवावी लागते.

एवढे सगळे नीट जमले तरी ही टिकली वीज वाहण्याच्या कामी फारशी उपयोगी नसते. ती असंख्य सूक्ष्म कणांची बनलेली असते आणि प्रत्येक कणातली प्रतले वेगळ्या दिशेला वळलेली असतात. अतिसंवाहकतेत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या ज्या अंतरावर एकमेकींशी बांधलेल्या असतात ते अंतर जुन्या धातूंत बरेच मोठे असते. या सिरॅमिकमध्ये मात्र ते प्रतलाच्या दिशेने एक-दोन नॅनोमीटर आणि उभ्या दिशेने त्याहूनही लहान असते. त्यामुळे दोन कणांमधली सीमा अणूंच्या काही रांगांइतकीच रुंद असली तरी तिथे प्रवाह अडतो. 1988 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी दोन स्फटिक मुद्दाम ठरावीक कोनात जोडून दाखवले की त्यांच्यातला कोन काही अंशांच्या पुढे गेला की प्रवाह वाहण्याची क्षमता भराभर, घातांकी पद्धतीने घटते. साध्या भाजलेल्या टिकलीत 77 केल्विनला दर चौरस सेंटिमीटरमधून काही शेकडा ते हजारभर अँपियर वाहतात; त्याच संयुगाच्या, सर्व प्रतले एकाच दिशेने असलेल्या पातळ थरातून दहा लाखांहून अधिक वाहतात. दोन्हींचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याला ते अतिसंवाहक बनतात ते तापमान, जवळजवळ सारखेच असते. बातमीतल्या एका आकड्यातून हा हजारपट फरक दिसत नाही, आणि माझ्या मते उपयोगाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आकडा आहे.

कणसीमा टाळायच्या तर संपूर्ण नग एकाच स्फटिकाचा वाढवावा लागतो. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून तो शांत ठेवला की खडीसाखरेचे मोठे खडे लागतात आणि तोच पाक ढवळत थंड केला तर बारीक पिठी हाती येते. भट्टीत करायचे ते तत्त्वतः हेच, पण तापमान हजार अंशांच्या वरचे आणि पाक कुठल्याही मुशीला खाणारा. हे 1-2-3 संयुग साखरेप्रमाणे सरळ वितळतही नाही. सुमारे 1010 अंशांवर ते मोडते आणि त्यातून यिट्रियम अधिक असलेले हिरवे 2-1-1 संयुग आणि बेरियम व तांबे यांचा द्रव निर्माण होतो. मिश्रण त्या तापमानाच्या वर नेऊन पुन्हा उतरवायचे असते. वरच्या बाजूला सॅमॅरियम किंवा निओडिमियमच्या अशाच संयुगाचा मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा बीजस्फटिक ठेवतात. ही संयुगे आणखी उच्च तापमानाला मोडत असल्याने बीज भट्टीत टिकून राहते. मग तापमान तासाला एक अंश किंवा त्याहूनही कमी वेगाने उतरवले, तर हिरवे कण आणि द्रव यांची पुन्हा अभिक्रिया होऊन बीजाच्या खालून काळा स्फटिक वाढू लागतो आणि बीजाच्या प्रतलांची दिशा पूर्ण नगाला मिळते. वाढ होत असताना वरच्या पृष्ठभागावर बीजाच्या चारही कोपऱ्यांतून निघून कडेपर्यंत जाणाऱ्या रेषांची फुली उमटते. ती कडेपर्यंत अखंड पोहोचली असेल तर नग एकाच स्फटिकाचा असण्याची चांगली शक्यता धरतात. ती मध्येच तुटली असेल तर कुठेतरी दुसऱ्याच दिशेचा कण उगवलेला असतो. अशा नगाला भट्टीत आठवडाभर लागू शकतो आणि त्यानंतर ऑक्सिजन भरण्यासाठी आणखी कित्येक दिवस द्यावे लागतात, कारण ऑक्सिजनला आता कणांमधल्या पोकळ्यांची वाट मिळत नाही.

या पद्धतीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हिरव्या संयुगाची आहे. टिकलीत जे दोष म्हणून धिक्कारले जाते तेच इथे मुद्दाम जास्तीचे घालतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर या जातीच्या अतिसंवाहकात क्षेत्र बारीक रेषांच्या रूपाने शिरते. प्रवाह वाहू लागला की या रेषा सरकू लागतात, आणि त्या सरकल्या की ऊर्जेचा व्यय होतो, म्हणजे अतिसंवाहक असूनही उपयोग उरत नाही. स्फटिकात ठिकठिकाणी अडकून राहिलेले हिरवे कण आणि त्यांच्याभोवतीचे दोष या रेषांना जागच्या जागी धरून ठेवतात. ते कण जितके बारीक आणि जितके सारखे पसरलेले, तितकी पकड मजबूत. म्हणून त्यांना बारीक ठेवण्यासाठी प्लॅटिनम किंवा सिरियम ऑक्साइडची चिमूट घालतात. असे नग पुढे चुंबक म्हणून वापरता येतात. जपानमध्ये टोमिता आणि मुराकामी यांनी 2003 मध्ये 29 केल्विनला अशा नगांत 17.24 टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्र पकडून ठेवले आणि 2014 मध्ये केंब्रिजच्या गटाने 26 केल्विनला 17.6 टेस्लापर्यंत मजल नेली. रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआय यंत्राचे क्षेत्र दीड किंवा तीन टेस्ला असते, त्यावरून या आकड्यांचा अंदाज यावा.

लांब तारांची कथा वेगळी आहे आणि मी ती थोडक्यात उरकतो. यिट्रियम गटाच्या संयुगाचा एक-दोन मायक्रोमीटरचा थर लवचीक धातूच्या पट्टीवर चढवतात. त्याआधी मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या द्रव्यांचे अस्तर असे घालतात की त्याचे सारे कण एकाच दिशेने बसतील. वरचा थर मग तीच दिशा घेतो. अशा पट्टीच्या चुंबकाने 2021 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 20 टेस्ला क्षेत्र गाठले. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम व तांबे यांच्या ऑक्साइडमध्ये बिस्मथचे थर सैल बांधलेले असल्याने त्याची पूड चांदीच्या नळीत भरून ओढली आणि लाटली की पापुद्रे आपोआप सपाट बसतात. चांदी ऑक्सिजनला आरपार जाऊ देते ही आणखी एक सोय. जर्मनीतील एसेन शहरात 2014 मध्ये बसवलेली एक किलोमीटर लांबीची 10 किलोव्होल्ट केबल या बिस्मथ गटाच्या पट्टीची होती. सामान्य दाबाला दीर्घकाळ सर्वाधिक ठरलेले, म्हणजे 133 केल्विनच्या आसपासचे तापमान गाठणाऱ्या तांब्याच्या सिरॅमिकमध्ये पारा असतो. 1993 मध्ये सापडलेल्या या संयुगाची तार मात्र बाजारात नाही, कारण विषारी आणि सहज उडून जाणारा पारा सांभाळून ते लांबवर वाढवणे अतिशय कठीण आहे. तापमानाच्या क्रमवारीत पहिला आलेला पदार्थ उपयोगात मागे राहिला आणि 93 केल्विनचा पुढे गेला, याहून बोलके उदाहरण मला सापडत नाही.

आता मराठवाड्याविषयी. द्रव नायट्रोजन आपल्याकडे मिळत नाही, ही सबब मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खरी नाही. देवणी आणि लाल कंधारी गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यांत द्रव नायट्रोजनच्याच कॅनमध्ये ठेवलेल्या असतात आणि ते कॅन नियमित भरले जातात. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. भौतिकशास्त्र विभागाने त्यांच्याशी रीतसर बोलून दोन-तीन लिटर नायट्रोजन घेतला, थर्माकोलच्या वाटीत टिकली ठेवून ती थंड केली आणि वर लहान निओडिमियम चुंबक सोडला, तर तो तरंगताना विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. खोली हवेशीर असावी आणि मोजे व चष्मा वापरावा, एवढी काळजी मात्र घेतलीच पाहिजे. पुढे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्यांतले वायू धरून ठेवण्यासाठी द्रव नायट्रोजनने थंड केलेले पंप वापरले जातात. म्हणजे अतिशीत तंत्र जाणणारी माणसे आपल्या भागात लागणारच आहेत. भट्टीचे तापमान, तिच्या विटा आणि तापमान मोजणारे थर्मोकपल यांची जाण असलेले कामगार जालन्याच्या पोलाद उद्योगात आणि वाळूजच्या हीट ट्रीटमेंट कारखान्यांत आजही आहेत. ते विज्ञानाच्या प्राध्यापकांना पुष्कळ काही शिकवू शकतील, असा माझा अनुभव आहे.

उणीव आहे ती सातत्याची. या भागातल्या एका महाविद्यालयात अनुदानातून घेतलेली नळीभट्टी तिचे हीटिंग एलिमेंट जळाल्यानंतर वर्षानुवर्षे कोपऱ्यात झाकून पडलेली मी पाहिली आहे. यंत्र खरेदीला पैसे होते, पण दुरुस्तीचे शीर्षकच अंदाजपत्रकात नव्हते. दुसरी अडचण विजेची. टिकली ऑक्सिजनमध्ये ठेवलेली असताना वीज गेली तर ती अर्धवट भरते आणि प्रयोग पुन्हा करता येतो; पण तासाला एक अंश या गतीने स्फटिक वाढत असताना वीज गेली तर तापमान कोसळते, वाटेल त्या ठिकाणी नवे कण उगवतात आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. भट्टीपुरता बॅटरीचा आधार घेणे आज अशक्य नाही. मात्र ते मागायचे तर प्राचार्यांना आणि व्यवस्थापनाला ही मंदगती का आवश्यक आहे ते समजावून द्यावे लागते, आणि त्यासाठीही वर्तमानपत्रांनी या कामाबद्दल लिहिले तर मदत होईल. शोधनिबंधांची संख्या मोजणाऱ्या पद्धतीत आठवडाभर भट्टी राखणाऱ्या विद्यार्थ्याला काहीच श्रेय मिळत नाही, आणि मग तो विद्यार्थी संगणकावरची गणिते पसंत करतो. त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. नव्या अतिसंवाहकाची बातमी घेताना तापमानाबरोबरच शून्य रोध आणि चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलले जाणे या दोन्ही गोष्टी मोजल्या गेल्या आहेत का, नमुना भेसळ नसलेला आहे का, त्याचा एकस्फटिक कोणी वाढवला आहे का आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच निष्कर्ष मिळाला का, हे विचारून छापावे; उत्तर मिळाले नसेल तर तसे लिहावे. दुसरी विनंती विद्यापीठांना उद्देशून आहे आणि ती आपल्या दैनिकातून त्यांच्यापर्यंत जावी. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील दोन्ही विद्यापीठांनी पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या प्रकल्पांत यिट्रियम-बेरियम-तांबे टिकली बनवणे, तिचे ऑक्सिजन-प्रमाण वजनावरून काढणे आणि रोध-तापमान आलेख घेणे हे काम ठेवावे. दोन्हींपैकी निदान एका ठिकाणी बीजस्फटिकापासून वाढवण्याची भट्टी, अखंड वीज आणि दुरुस्तीच्या खर्चासह, सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी उपलब्ध करावी. अशा प्रकल्पासाठी रसायनांची यादी, भट्टीचे तापमान-वेळापत्रक आणि सुरक्षेच्या सूचना मराठीत लिहून देण्यास मी तयार आहे. आपल्या विज्ञान पानावर त्या छापता आल्या तर तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांनाही त्या मिळतील.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, परभणी